भिंतीकडे तोंड करून

११ जानेवारी

मामा,

नमस्कार, आशीर्वादाची मागणी, तब्येतीची चौकशी हे सगळं वर लिहिलंय असं समजा. कागद एकच आहे. पत्र तुमच्या कुलपांच्या दुकानावर पाठवतोय. फोनवर बोलायचं तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि फोनवरच लिहून पाठवायचं तर तुमचा चष्मा सापडेपर्यंत मामी ते मोठ्यांदा वाचून मोकळी होते.

सध्या मी पंख्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर गिऱ्हाइकांना पंखे चालवून दाखवतात, त्यामुळे आमची जमीन गुणगुणत असते. खोलीत आम्ही चौघं. काम तेच, घरोघर इंटरनेटचे डबे बसवायचे. काल एका बाईंकडे गेलो होतो. त्यांची दाराची घंटा फोटो काढते, दिवा बोलतो आणि वजनकाटा दूरच्या मुलाला निरोप पाठवतो. बाई म्हणाल्या, "मी घरात एकटीच असते." मी म्हटलं, "तुम्हाला आपलं तसं वाटतं." त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला त्यांचं कपाट सरकवायला लावलं, आणि कपाटामागे... जाऊ दे, मुद्द्यावर येतो.

कानाचं कसं चाललंय? निघताना मी करून दिलं ते वापरता ना? फोनमधलं कानाचं चित्र दाबायचं आणि फोन बोलणाऱ्यापुढे ठेवायचा. मग फोन जे ऐकेल ते थेट तुमच्या कानातल्या यंत्रात. यंत्र विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं, मी खणून काढलं. काही बिघडलं तर इथूनच दुरुस्त करता येईल अशी सोयही ठेवली आहे, तेव्हा काळजी नको.

कपाटावरून आठवलं. तिजोरी दुरुस्त झाली की गिऱ्हाईक नवा आकडा लावायचं, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचात. मलाही करायला लावायचात. तुमचं म्हणणं, कुलूपवाल्याला उघडता येतं म्हणूनच त्याने बघायचं नसतं. एकदा एका पेढीत भिंतीवर कुणाच्या तरी आजोबांचा फोटो होता, त्याच्या काचेत मला अख्खा आकडा दिसला होता. तुम्हाला कधी बोललो नाही. गंमत वाटली म्हणून आज लिहिलं.

तुमचा
भिंगरी


२६ जानेवारी

चि. भिंगरीस,

तुझं अक्षर गंजलेल्या कुलपासारखं आहे. तेल घालून घालून वाचलं.

फोटोच्या काचेचं वाचून गंमत वाटली नाही. तेव्हाच सांगितलं असतंस तर फोटो उतरवून ठेवायला लावला असता. आता पुढचं ऐक, मग कुणी कुणाला बोलायचं ते ठरव.

यंत्र चांगलं चाललं आहे. दुकानात लोकांचं ऐकू येतं. मागच्या आठवड्यात फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याजवळ राहिला आणि मी बाहेरच्या खोलीत कानस घेऊन चावी घासत बसलो. एकदम कानात तुझी मामी. वाटलं, मागेच उभी आहे. वळलो तर कोणी नाही. आत ओट्यापाशी एकटी बोलत होती.

मला ऐकू येईनासं झालं तशी तीही अबोल झाली, असं मी समजत होतो. तसं नाही. ती बोलतच होती. "घासा, घासा. जगाची दारं उघडून झाली की घरातलंही एखादं बघा." मग म्हणाली, "ठोंब्याशी बोलायचं तर ठणाणा करावा लागतो, त्यापेक्षा पातेलं बरं, निदान वाजतं तरी." मला हसू आलं, आणि चटकाही बसला.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा फळीवर ठेवला. विसरून राहिला असं मी स्वतःला सांगितलं, पण विसरलेला माणूस कानाचं चित्र दाबून ठेवत नाही.

तुला या वस्तूंमधलं कळतं. हे बरोबर आहे का, ते स्पष्ट लिही.

मामा


७ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही मला बरोबर-चूक विचारलंत, म्हणजे जगबुडी जवळ आली. आमच्या खोलीत वाचूनच दाखवलं. रागावू नका, नावं सांगितली नाहीत.

खोलीतल्या एकाला आम्ही उंदीर म्हणतो, कारण तो कुठल्याही यंत्रात शिरतो. पलीकडच्या कचेरीचा छपाईचा डबा त्याला आमच्या खिडकीतून चालवता येतो. मधूनच तो त्यावर "मला आज बरं नाही" असा कागद छापतो. परवा त्यांनी खरंच मेकॅनिक बोलावला. आम्ही खिडकीत बसून बघत होतो, हसून हसून एकजण खुर्चीवरून पडला आणि त्याचा दात हलला, ती वेगळीच कथा. तर उंदराचा नियम असा: दार उघडं दिसलं तर आत डोकावायचं, काही उचलायचं नाही, काही मोडायचं नाही. दोष उघडं ठेवणाऱ्याचा.

आणि इथे तर घर तुमचं, फोन तुमचा, कान तुमचे, बायको तुमची. यात चोरी कुठे आली? उलट बरंच झालं. काय हवं-नको ते न ओरडता कळेल. ऐका बिनधास्त. लोक यासाठी पैसे मोजतात.

मामी अजून झाकण तसंच आपटते का हो? आधी एकदा हळू, मग एकदा जोरात? आणि माझ्याबद्दल काही बोलते का? नसेल तर राहू दे. असेल तरी राहू दे.

भिंगरी


३ मार्च

चि. भिंगरीस,

तू लिहिलंस म्हणून ऐकत राहिलो. तुझ्यावर ढकलत नाही, मला तेच हवं होतं आणि तू दिलंस.

एक ऐकलं ते तुलाच सांगतो, दुसरं कोणाला सांगण्यासारखं नाही. एका दुपारी कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "त्या वर्षी बॅग भरली होती. बहिणीकडे जाऊन राहणार होते कायमची. तीन पातळं, पेटीतलं घड्याळ, सगळं भरलं. याला साधा पत्ता नाही. संध्याकाळी हा आला, म्हणाला भूक लागली, मी बॅग रिकामी केली." कुठलं वर्ष ते ती बोलली नाही. मी बाहेर बसून माझी सगळी वर्षं चाचपून पाहिली. कुठलंही असू शकेल.

तेव्हापासून मी जरा जपून वागतो. गाळण्याचा दांडा मोडला म्हणून ती कुरकुरली, मी दुसऱ्याच दिवशी गाळणं आणलं. गुडघा दुखतो म्हणाली, मलम आणलं. परवा म्हणाली, "एक पिवळी छत्री असती तर किती बरं झालं असतं." चार दुकानं फिरलो, पिवळी मिळवली. तिने घेतली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि खुंटीला लावली.

गुण आला आहे बरं का. आता तिच्या तोंडात माझ्याबद्दल एक वावगा शब्द नाही. "थकून येतात बिचारे" म्हणते. "माणूस मनाचा चांगला" म्हणते. एकटी असताना, भांडी घासताना. वाटतं, उशिरा का होईना, संसार मार्गी लागला. तुझे उपकार.

मामा


१० मार्च

मामा,

तुमचं पत्र आल्या आल्या वाचलं आणि कामावर गेलोच नाही. या पत्रात फाटे फोडणार नाही.

मामी छत्री वापरत नाही. तिचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले असतात म्हणून ती पावसाळी कोट घालते, तो हिरवा, एका बटणाचा. तिला छत्री नको होती, पिवळी तर नकोच होती. आमच्या लोकांत ही युक्ती असते. कोणी चोरून ऐकतंय असा संशय आला की मुद्दाम एक खोटी गोष्ट बोलायची, जी दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही. मग ती कुठून बाहेर येते ते बघत बसायचं. मामीला हे कोणी शिकवलं नसणार. पण तुम्ही ती छत्री हातात धरून दारात उभे राहिलात.

तिला कळलंय, मामा. ती चांगलं बोलते ते तुमच्याबद्दल नाही, तुमच्यासाठी आहे. फोनपुढे बोलते ती. फळीवरून फोन काढा.

आता माझं. इथूनच दुरुस्त करण्याची सोय ठेवली होती, असं मी लिहिलं होतं. ती सोय म्हणजे तुमच्या फोनची दुसरी चावी. कुणाच्या कुलपाची चावी केली तर जादा प्रत ठेवायची नाही, हे तुम्ही मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं. मी ठेवली. आधी खरंच तपासायला म्हणून उघडलं. नंतर जेवताना उघडायला लागलो. इथे मी वर्तमानपत्रावर जेवतो, खाली पंखे चालू असतात. तुमच्या स्वयंपाकघराचा आवाज असला की घास खाली जायचा. नळ, झाकण, मामीची बडबड. त्यांत वाईट काय, असं वाटायचं. एकदा ती म्हणाली, "कार्टं जेवलं असेल का नसेल." मी तोंडात घास घेऊन इथे "हो" म्हणालो. मोठ्याने. उंदराने वळून बघितलं.

बॅगेचं मीही ऐकलं होतं. तुमच्याबरोबरच, त्याच दुपारी. तुमचं पत्र वाचताना मला पुढचं वाक्य माहीत होतं. त्याची जेवढी लाज वाटली तेवढी आजवर कशाची वाटली नाही, आणि माझी यादी लहान नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी चावी मी आज मोडली. पण ते तुम्ही माझ्या शब्दावर कसं मानावं, ते मला सांगता येत नाही.

भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस, मामीचा आशीर्वाद. देऊ की नको असं वाटत होतं, पण हात सवयीने लिहून गेला.

तुझं पत्र मी फोडलेलं नाही. त्यांनीच आणून माझ्यासमोर ठेवलं, त्यांची आधीची पत्रंही त्यांनी तोंडी सांगितली, आणि ताटावरून न उठता खाली मान घालून बसले. बोलायचं कसं तेच कळेना.

मला गाळण्याच्या दिवशीच शंका आली होती. दांडा मोडला हे मी फक्त गाळण्याला सांगितलं होतं. मलम आणलं तेव्हा वाटलं, लंगडताना बघितलं असेल. म्हणून छत्री मागितली. देवा, ही काही येऊ नये असं मनातून वाटत होतं. हा माणूस चार दुकानं फिरून पिवळी छत्री घेऊन दारात उभा, तोंडावर असा आनंद की माझ्याच्याने रागवेना.

मग मी पाहुण्यांपुढे बोलतात तसं बोलायला लागले. स्वतःच्या ओट्यापाशी.

तुला वाटेल, एवढं काय, बाई चार शिव्या देत होती ते नवऱ्याने ऐकलं. नीट वाच. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मी आधी रडले, मग हळूहळू मला त्यांच्या पाठीशी बोलायची सवय लागली. चहा उकळेपर्यंत मी त्यांना जे जे म्हणायचं ते म्हणून घ्यायचे. चहा झाला की राग संपलेला असायचा, आणि कप पुढे करताना मन स्वच्छ असायचं. गेली सगळी वर्षं मी अशीच नांदले. बॅग त्या वर्षी रिकामी केली, ती पुन्हा भरली नाही, कारण ती मी रोज तोंडाने रिकामी करत होते. आता चहा देते, पण राग तसाच राहतो. भांडी घासताना गप्प असते. गप्प राहून राहून घसा दुखतो, हे तुला माहीत आहे का?

तू जेवताना ऐकायचास, ते वाचून मला भरून यायला हवं होतं. आलं नाही. फोन करून "मामी, जेवलो" म्हणाला असतास तर मी तासभर बोलले असते, तुला नको होईपर्यंत. तुला माझी बडबड हवी होती, पण मी नको होते.

ते म्हणतात फोन बंद केला. तू म्हणतोस चावी मोडली. बंद आहे हे मला कसं कळणार? काळी काच चालू असताना पण काळी आणि बंद असताना पण काळीच. तुझ्या शब्दावर तर ती घरात आली. आता यावर आणखी काही युक्ती पाठवू नकोस.

बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. भरलेली नाही. उघडून वाऱ्याला ठेवली आहे.

जेवत जा.

मामी


२० एप्रिल

मामी,

तीन युक्त्या लिहिल्या होत्या. एक लाल दिव्याची, एक यंत्र बदलायची, तिसरी उंदराने सुचवली. तो कागद फाडून हा घेतला.

त्या वजनकाट्यावाल्या बाईंकडे काल पुन्हा जाणं झालं. डबा बिघडला होता. मी वाकून तारा बघत होतो आणि त्या स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत होत्या. मग एकदम थांबल्या, दाराशी आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आहात हे विसरलेच होते." माफी मागितल्यासारखं. स्वतःच्या घरात. मी तारा तशाच सोडून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. काय झालं म्हणून विचारत होत्या.

परवा रात्रीचं जेवण मी आवाजाशिवाय जेवलो. पंखेवालाही बंद करून गेला होता. फार शांत होतं.

फोन करणार होतो, पण माझा फोन वाजला की तुझा हात आखडेल असं वाटलं. म्हणून कागद. मी जेवलो, मामी. यायचं मनात आहे, तू म्हणशील तेव्हा. नको म्हणालीस तरी पत्र लिहीन.

बॅगेबद्दल मला काही विचारायचा हक्क नाही, म्हणून विचारत नाही. पण ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

भिंगरी


१८ मे

चि. भिंगरीस,

तुझं पत्र तुझ्या मामीने दोनदा वाचलं आणि चहाच्या डब्याखाली ठेवलं. काही म्हणाली नाही. म्हणून मी लिहितो.

मी बंद केलं, बंद केलं असं दहा वेळा सांगून पाहिलं. ती मान हलवायची आणि गप्पच राहायची. मग एके दिवशी विचार केला, गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास का ठेवतं? आपण चांगले म्हणून नाही. आपलं तोंड भिंतीकडे आहे हे त्याला दिसतं म्हणून.

आता संध्याकाळी फोन दुकानातच कुलपात ठेवून घरी येतो. कानातली यंत्रं काढतो, त्यांतले बारके सेल नखाने बाहेर पाडतो आणि तिच्यासमोर वाटीत टाकतो. वाटी ओट्यावर, तिच्या हाताशी. पहिल्या दिवशी तिने वाटी उचलून सेल मोजले, माझ्या सदऱ्याचे खिसेही चाचपले. मी हात वर करून उभा राहिलो. शोभा झाली म्हणायची, पण केलेलं फेडावं लागतं.

मग मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतो. चहा होईपर्यंत. आधीचे कितीतरी दिवस मागे काहीच घडत नव्हतं. ऐकू येत नसलं तरी घरातली चुप्पी पाठीला कळते.

परवा मान वर केली तर समोर भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेत ती दिसली. पाठमोरी, ओट्यापाशी. तिचे खांदे हलत होते. चमचा हवेत उगारलेला. बोलत होती, की रडत होती, की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. मी बघत राहिलो. पुष्कळ वेळ. मग तुझी ती पेढीतली फोटोची काच आठवली, आणि अंगावर पाल पडावी तसं झालं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर घड्याळ उतरवून दुकानात नेऊन ठेवलं. परत आल्यावर तिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशव्या खाली ठेवल्या.

बॅग अजून खालीच आहे. सध्या तिच्यात ती इस्त्रीचे कपडे ठेवते. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला ठाऊक नाही, आणि विचारणार नाही.

तू ये. ती म्हणते, खिशात जे काही असेल ते बाहेर जिन्यातच ठेवून ये, आणि भूक घेऊन ये.

घड्याळ गेल्यापासून मला वेळ कळत नाही. मधूनच भिंतीकडे तोंड करूनच विचारतो, किती वाजले. ती येऊन माझ्या खांद्यावर बोटं टेकवून सांगते. काल दोन्ही हातांची मिळून सहा बोटं टेकवली, आणि हात लगेच काढले नाहीत.

मामा